डोलांजीचा मेनरी मठ : देव डाव्या हाताला ठेवणाऱ्यांचा इतिहास

हिमालयातल्या मठांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर लडाखमधलं हेमिस येतं, स्पितीतलं ताबो येतं, सिक्कीममधलं रुमटेक येतं. ही सगळी बौद्ध मठांची नावं. आज ज्या मठाबद्दल आपण बोलणार आहोत तो बाहेरून अगदी यांच्यासारखाच दिसतो. तेच तांबड्या वस्त्रांतले भिक्षू, वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्याच रंगीत पताका, लोण्याच्या दिव्यांचा तोच वास. पण तिथले लोक स्वतःला बौद्ध म्हणवत नाहीत, बोनपो म्हणवतात. त्यांच्या धर्माचं नाव बोन. मठाचं नाव मेनरी, आणि तो हिमाचल प्रदेशात सोलनजवळ डोलांजी नावाच्या छोट्या गावात आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण सिमल्याला जाऊन आलेले असतील. काल्क्याहून छोट्या गाडीनं सिमल्याला जाताना मध्ये सोलन स्टेशन लागतं. तिथे उतरून राजगडच्या रस्त्यानं ओच्छघाटपर्यंत जायचं आणि तिथून खाली दरीकडे वळायचं. चिराच्या झाडांमधून रस्ता उतरत जातो आणि समोरच्या डोंगरउतारावर मठ दिसू लागतो. सिमला-कुलू-मनाली करणाऱ्या हजारो मराठी पर्यटकांपैकी इकडे कोणी वळत नाही. खरं तर जगभरच्या बोन परंपरेचं प्रमुख पीठ म्हणजे हा मठ.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे पहिला पेच पडतो. आपण तिबेटमधला सर्वात जुना धर्म पाहायला निघालेलो असतो, आणि समोर ज्या इमारती दिसतात त्या १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे बांधलेल्या, बऱ्याचशा सिमेंट-काँक्रीटच्या. मग इथे जुनं काय आहे? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आम्ही गेलो तेव्हा सकाळची वेळ होती. मठाभोवती प्रदक्षिणा चालू होती. म्हाताऱ्या बायका, हातात माळा, ओठांवर मंत्र. कान देऊन ऐकलं तर तो 'ओम मणि पद्मे हुम' नव्हता. बोनपोंचा मंत्र वेगळा आहे, 'ओम मात्रि मुये साले दु'. आणि त्या सगळ्या जात होत्या आपल्या दृष्टीनं उलट्या बाजूनं. म्हणजे देऊळ त्यांच्या डाव्या हाताला. प्रार्थनाचक्रं फिरत होती तीही घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. आमच्या पुढे एक पर्यटक कुटुंब होतं, ते सवयीनं नेहमीच्या बाजूनं निघालं आणि सगळ्या आज्यांच्या समोरासमोर आलं. कोणी काही बोललं नाही. एका आजीनं हसून फक्त वाट दिली.

आता या 'उलट्या'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बोन धर्माची बदनामी मुख्यतः याच एका गोष्टीवर उभी आहे. प्रदक्षिणा या शब्दातच 'दक्षिण' म्हणजे उजवा हात आहे. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की दुसरी बाजू म्हटलं की आपल्याला अपसव्य आठवतं, श्राद्धपक्ष आठवतो, काहीतरी अशुभ वाटतं. तिबेटी बौद्धांनाही तसंच वाटत आलं. बोनपो उलटे फिरतात, त्यांचं स्वस्तिक डावीकडे वळतं, म्हणजे यांनी बौद्ध धर्म घेतला आणि मुद्दाम उलटा केला, असा आरोप शतकानुशतकं होत आला. एकोणिसाव्या शतकात तिबेटच्या सीमेवर युरोपीय प्रवासी आणि मिशनरी पोहोचले, त्यांनी बौद्धांकडून हेच ऐकलं आणि आपल्या पुस्तकांत काळी जादू, भूतपूजा असे शब्द घालून छापलं. आपल्या ज्ञानकोशांपर्यंत, पर्यटन-पुस्तिकांपर्यंत जी माहिती झिरपत आली ती या वाटेनं आली. विरोधकानं दिलेली साक्ष एवढ्या बिनबोभाट खरी मानली गेल्याची उदाहरणं धर्मेतिहासात पुष्कळ आहेत, त्यातलं हे एक मोठं.

खरं तर आपल्याला तरी हे जड जायला नको. शंकराच्या देवळात आपणही पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही. सोमसूत्रापर्यंत जातो आणि आल्या पावली परत फिरतो, म्हणजे अर्धी वाट देव डाव्या हाताला ठेवूनच चालतो. त्यात कुणाला अशुभ दिसत नाही. आणि शंकराचं जे मूळ स्थान आपण मानतो त्या कैलासाभोवती बोनपोही परिक्रमा करतात. हिंदू आणि बौद्ध एका दिशेनं जातात, बोनपो दुसऱ्या दिशेनं येतात, आणि अरुंद वाटेवर रोज एकमेकांना सामोरे होतात. बौद्धांची कथा अशी की मिलारेपा नावाच्या योग्यानं नारो बोनचुंग या बोन सिद्धाला शर्यतीत हरवून कैलास मिळवला. बोनपोंना ही कथा अर्थातच मान्य नाही.

त्या डावीकडे वळणाऱ्या स्वस्तिकाला तिबेटी भाषेत 'युंगड्रुंग' म्हणतात. त्याचा बोन परंपरेतला अर्थ न बदलणारं, अविनाशी. आणि बौद्ध जिथे 'छो' म्हणजे धर्म हा शब्द वापरतात तिथे हे लोक 'बोन' हा शब्द वापरतात. तेव्हा 'युंगड्रुंग बोन' या नावाचं मराठी करायचं झालं तर 'सनातन धर्म' असंच करावं लागेल. यावरून लगेच नातं जोडायला जाऊ नका बरं का. अर्थ जुळला म्हणजे वंश जुळतो असं नाही.

आता त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकू. बोनपो म्हणतात, आमचा संस्थापक तोनपा शेनरब मिवोछे. तो बुद्धाच्या फार पूर्वी, सुमारे १८,००० वर्षांपूर्वी, ओल्मो लुंगरिंग नावाच्या पवित्र भूमीत जन्मला. तिथून ही शिकवण झांगझुंगमध्ये आली. झांगझुंग म्हणजे पश्चिम तिबेटातलं, कैलास-मानसरोवराच्या परिसरातलं राज्य. तिथून ती मध्य तिबेटात गेली. तिबेटचे सुरुवातीचे राजे बोन मानणारे होते. पुढे आठव्या शतकात राजा ठिसोंग देचेनच्या काळात बौद्ध धर्माला राजाश्रय मिळाला, बोनपोंचा छळ झाला, ग्रंथ गुहांत, खडकांत, स्तूपांत लपवून ठेवावे लागले. नंतर ते एकेक करून सापडत गेले.

इतिहासकार यावर काय म्हणतात? १८,००० वर्षांचा आकडा कोणीही अभ्यासक शब्दशः घेत नाही. पण झांगझुंग हे राज्य खरंच होतं. सातव्या शतकात तिबेटी सम्राट सोंगचेन गाम्पोच्या काळात ते जिंकलं गेलं. चीनच्या वायव्येला दून्हुआंग इथल्या लेण्यांत जे जुने तिबेटी कागद सापडले त्यांत या लढ्याची एक हकीकत आहे. सम्राटाची बहीण झांगझुंगच्या राजाला दिलेली होती. तिनं भावाकडे निरोपाबरोबर जुने पिरोजाचे खडे पाठवले. हिंमत असेल तर हे गळ्यात घालून चालून ये, नसेल तर बायकांसारखा राहा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे बांगड्या पाठवण्याचा जो प्रकार आहे तोच हा. भावानं अर्थ ओळखला आणि झांगझुंग पडलं.

त्याच दून्हुआंगच्या कागदांत 'बोन' आणि 'शेन' हे शब्द येतात, पण ते पुरोहितांसाठी. राजाचे अंत्यसंस्कार करणारे, आजारपणावर विधी करणारे ते लोक. मठ, भिक्षू, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ असा आज दिसणारा संघटित बोन धर्म तिथे दिसत नाही. तो आकाराला येतो दहाव्या-अकराव्या शतकात. १०१७ मध्ये शेनछेन लुगा या माणसाला लपवलेल्या ग्रंथांचा मोठा साठा सापडला असं परंपरा सांगते, आणि अभ्यासकही संघटित बोनचा आरंभ इथूनच धरतात. आणि हाच काळ तिबेटात बौद्ध धर्म भारतातून दुसऱ्यांदा, नव्या जोमानं येण्याचा आहे. म्हणजे दोन्ही परंपरा एकाच वेळी, एकमेकींकडे बघत, एकमेकींकडून घेत, एकमेकींशी भांडत घडल्या. सरळ आणि उलट असा तो प्रकार नव्हे. सख्ख्या भावंडांचा वाद म्हणा हवं तर.

हे पटायला एक फार छान पुरावा आहे, आणि तो मठात गेल्यावर कोणत्याही पोथीच्या पहिल्या पानावर बघता येतो. तिबेटी बौद्ध ग्रंथ भाषांतरित असला की सुरुवातीलाच लिहितात, 'भारताच्या भाषेत याचं नाव अमुक', आणि मग संस्कृत नाव तिबेटी लिपीत देतात. त्यानंतर तिबेटी नाव. यामागे कारण आहे. भारतातून आलं म्हणजे अस्सल, अशी तिथली कसोटी होती. बोन ग्रंथ उघडला की तिथे संस्कृतच्या जागी झांगझुंगच्या भाषेतलं नाव येतं, मग तिबेटी. म्हणजे कसोटी तीच, पण उगम वेगळा. आमचं ज्ञान भारतातून आलेलं नाही, पश्चिमेकडून आलंय, हे ते प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या ओळीत नोंदवून ठेवतात. एका अल्पसंख्य समाजानं आपला दावा जपायची याहून चिवट रीत आमच्या तरी पाहण्यात नाही. झांगझुंग भाषा आता कोणी बोलत नाही. अभ्यासक तिचं नातं पश्चिम हिमालयातल्या किन्नौरीसारख्या भाषांशी लावतात. किन्नौर म्हणजे याच हिमाचल प्रदेशातला जिल्हा. निर्वासित होऊन हे लोक जिथे आले, तिथून त्यांच्या पवित्र भाषेचे चुलत नातेवाईक फार लांब नाहीत.

आता मेनरीकडे येऊ. तिबेटच्या त्सांग प्रांतात १०७२ मध्ये येरू वेनसाखा नावाचा बोन मठ स्थापन झाला. तीनशे वर्षं तो विद्येचं केंद्र होता. १३८६ मध्ये पुरानं तो वाहून गेला. त्यानंतर न्यामे शेरब ग्याल्छेन नावाच्या आचार्यानं १४०५ मध्ये त्याच भागात नवा मठ उभा केला, तो मेनरी. 'मेन' म्हणजे औषध आणि 'री' म्हणजे डोंगर. आपल्याला द्रोणागिरी आठवावा असं नाव. तारीख लक्षात ठेवा, १४०५. आज दलाई लामांची म्हणून ओळखली जाणारी जी गेलुग परंपरा, तिचा मूळ मठ गांदेन हा त्सोंगखापानं १४०९ मध्ये स्थापला. म्हणजे मेनरी त्याच्याआधी चार वर्षं. दोन्ही संस्थापक समवयस्क, दोघांचाही भर शिस्तीवर, ब्रह्मचर्यावर, तर्कशास्त्राच्या अभ्यासावर. बोनला नुसता जादूटोणा म्हणणाऱ्यांनी या चार वर्षांचा विचार करावा.

मधल्या काळावर फार वेळ घालवत नाही. १८३४ मध्ये युंगड्रुंग लिंग हा दुसरा मोठा मठ जवळच उभा राहिला. पूर्वेकडे ग्यारोंगमध्ये, जिथे बोनचा जोर होता, तिथे चीनच्या छिएनलोंग सम्राटाच्या फौजांनी १७७६ पर्यंत लढाया करून प्रदेश जिंकला आणि तिथला प्रमुख बोन मठ गेलुगांच्या हवाली केला. छळ काही फक्त आठव्या शतकातली गोष्ट नव्हती.

आणि मग १९५९. दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी. त्यात बोनपोही होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्सांगमधला मूळ मेनरी मठ उद्ध्वस्त झाला. इकडे आलेले बरेच बोनपो कुलू-मनालीकडे रस्त्याच्या कामांवर मजुरी करत होते. उंच थंड पठारावरची माणसं, सखल भागातली हवा सोसली नाही, पुष्कळ दगावले. मेनरीचे बत्तिसावे पीठाधीश शेरब लोडो हे १९६३ मध्ये वारले. मठ नाही, पीठाधीश नाही, ग्रंथ विखुरलेले. शिवाय निर्वासितांमध्येही हे अल्पसंख्य, आणि जुने पूर्वग्रह काही सरहद्दीवर अडवून ठेवले गेले नव्हते. हजार वर्षांची परंपरा एका पिढीत संपावी अशी ती अवस्था होती.

ती संपली नाही याचं श्रेय ज्या माणसांना जातं त्यांत लोपोन तेनझिन नामडाक हे नाव पहिलं. जन्म १९२६, मेनरीचे मुख्य अध्यापक. १९६० मध्ये निसटताना गोळी लागून जखमी झाले, चिनी सैन्याच्या हाती सापडले, पुढे सुटका करून घेऊन नेपाळात पोहोचले. तिथे त्यांची गाठ डेव्हिड स्नेलग्रोव्ह या लंडनच्या प्राध्यापकाशी पडली. स्नेलग्रोव्ह नेपाळच्या डोल्पो भागात फिरलेले, तिथली बोन वस्ती पाहिलेले. त्यांनी १९६१ मध्ये तेनझिन नामडाक, सांगये तेनझिन आणि साम्तेन कर्माय या तिघांना रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं लंडनला नेलं. या भेटीतून बोनचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. स्नेलग्रोव्हचं 'नाइन वेज ऑफ बोन' हे पुस्तक १९६७ चं. कर्माय पुढे स्वतःच मोठे इतिहासकार झाले, आणि संघटित बोनबद्दल मघाशी आपण जे बोललो त्यातलं पुष्कळ त्यांच्या आणि पेर क्वेर्ने या नॉर्वेजियन अभ्यासकाच्या कामामुळे आपल्याला माहीत आहे. गंमत बघा, बोनच्या पारंपरिक काळगणनेला प्रश्न विचारणारा अभ्यासक बोन मठातच शिकलेला होता, आणि त्यामुळे परंपरेनं त्याला वाळीत टाकलं नाही.

तेनझिन नामडाक लंडनहून परत आले आणि त्यांनी दोन कामं हाती घेतली. एक म्हणजे पोथ्या छापणं. दिल्लीत राहून त्यांनी बोन ग्रंथ छापून घेतले. १९६८ मध्ये डॉ. लोकेशचंद्र यांच्याबरोबर त्यांनी झांगझुंग परंपरेच्या ध्यानग्रंथांचा संग्रह दिल्लीतून प्रसिद्ध केला. तिबेटातून पळताना लोकांनी पाठीवर आणलेल्या, नेपाळच्या डोंगरी गावांतून मागून आणलेल्या हस्तलिखितांना छापखान्यानं जीवदान दिलं.

दुसरं काम जमीन. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या पैशातून डोलांजीला जंगलाची जमीन घेतली गेली. एका ख्रिस्ती संस्थेनं बोन धर्माला छप्पर दिलं, ही नोंद विसरली जाऊ नये. मनालीकडून सुमारे सत्तर कुटुंबं इथे आली. प्रत्येकाला एक घर आणि माणसांच्या संख्येनुसार थोडी जमीन. वसाहतीचं नाव ठेवलं थोबग्याल सारपा, म्हणजे नवं थोबग्याल. त्सांगमध्ये मूळ मेनरीच्या पायथ्याशी थोबग्याल नावाचं गाव होतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना अशा वसाहतींची घडण ठाऊक असेल. गाव सोबत आणता येत नाही, तेव्हा नाव आणायचं.

पीठाधीश निवडायची रीतही इथे सांगायला हवी. मेनरीचा प्रमुख हा पुनर्जन्मानं ओळखलेला बालक नसतो. पात्र गेशेंची, म्हणजे शास्त्री पदवी मिळवलेल्या भिक्षूंची नावं एका कलशात घालतात, प्रार्थना होतात आणि चिठ्ठी काढतात. देवाला कौल लावणं म्हणा. साठच्या दशकाच्या शेवटी अशी चिठ्ठी काढली तेव्हा नाव निघालं सांगये तेनझिन यांचं. ते त्या वेळी नॉर्वेत, ऑस्लो विद्यापीठात शिकवत होते. तिथलं स्थिर आयुष्य सोडून ते डोलांजीच्या त्या डोंगरउतारावर आले, लुंगतोक तेनपई न्यिमा या नावानं तेहेतिसावे पीठाधीश झाले आणि २०१७ मध्ये देहावसान होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, त्यांनी मठ उभा केला. २०१८ च्या १ जानेवारीला पुन्हा चिठ्ठी निघाली आणि दावा दार्गये हे चौतिसावे पीठाधीश झाले.

मूळ प्रश्नाकडे आता वळता येईल. इथे जुनं काय? १९७८ मध्ये डोलांजीत तर्कशास्त्राचं विद्यालय सुरू झालं आणि १९८६ मध्ये पहिली गेशे तुकडी बाहेर पडली. दुपारी अंगणात उभं राहिलं तर टाळ्यांचे आवाज ऐकू येतात. एक भिक्षू खाली बसलेला, दुसरा उभा राहून त्याला प्रश्न टाकतो आणि प्रश्न संपताना जोरात टाळी वाजवतो. चूक झाली की सगळे ओरडतात. हा अभ्यासक्रम न्यामे शेरब ग्याल्छेनच्या परंपरेतला. भिंती पन्नास-साठ वर्षांच्या, वादाची पद्धत सहाशे वर्षांची. येरू वेनसाखा वाहून गेल्यावर मेनरी झालं, मेनरी पडल्यावर डोलांजी झालं. या मठाची प्राचीनता दगडात शोधायला जाल तर काही हाती लागणार नाही. ती त्या टाळीत सापडते.

बोन हा बौद्ध धर्माचा पंथ की वेगळा धर्म, हे आम्हाला प्रत्येक ठिकाणी विचारतात. सिद्धान्त आणि साधना बघाल तर फरक फार थोडा दिसेल. संस्थापक, ग्रंथ आणि उगम बघाल तर धर्म वेगळा. दलाई लामा १९८८ मध्ये डोलांजीला येऊन गेले. निर्वासित तिबेटी संसदेत चार बौद्ध संप्रदायांप्रमाणे बोनलाही दोन प्रतिनिधी मिळतात. पाचवी परंपरा म्हणून ही जी मान्यता मिळाली ती सहजासहजी मिळालेली नाही. आणि आमचं मत विचाराल तर 'पाचवा' हा शब्द थोडा खुपतोच. जो स्वतःला पहिला समजतो त्याला पाचव्या पाटावर बसवलंय. पण पंगतीत तर घेतलं, असं तिथले वडीलधारे म्हणत असतील तर आपण बाहेरून कोण बोलणार.

जायचं असेल तर पाऊस सोडून जा, ओच्छघाटनंतर घाटरस्ता आहे. मठात शाळकरी मुलं खूप दिसतील. डोल्पोसारख्या दूरच्या भागातून शिकायला पाठवलेली असतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पूजेच्या वेळी हातातली घंटा नीट बघा. बौद्धांची घंटा उभी असते, बोनपोंची पसरट, थाळीसारखी, तिला शांग म्हणतात, आणि तिचा आवाज लांबवर पाझरत जातो. प्रदक्षिणेला निघाल तेव्हा देऊळ डाव्या हाताला ठेवा.

पुढच्या वेळी आपण कैलासाजवळच्या ख्युंगलुंग इथल्या, झांगझुंगची राजधानी मानल्या जाणाऱ्या गुहावस्तीबद्दल बोलणार आहोत. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर दिसतोय, त्यांच्यापासून सुरुवात करू.